बोटभर ऑइल

॥ श्री ॥
घोडपदेव, ५ जानेवारी २०२५

चि. पद्मजास अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

परवा फोनवर तू काय बोललीस ते मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी नुसता हो हो करत होतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. गिरणीने कान खाल्ले आणि मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून पत्र.

कमलचं, तुझ्या वहिनीचं, दुखणं वाढलंय. मणक्यातल्या गाठीला परळच्या इस्पितळात किरणांचा शेक द्यायचाय, याच महिन्यात सुरू झाला तर हाड टिकेल असं डॉक्टर म्हणाले. पण मागल्या खेपेला टॅक्सीत प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट चावत होती. आता टॅक्सी नको, ॲम्ब्युलन्स नको, हितेंद्ररावांची गाडी उठली तरच येईन म्हणते.

तुझ्या नवऱ्याची ती फ्रेंच गाडी म्हणजे एक प्रकरणच आहे. बंद असली की म्हशीसारखी पोट टेकून बसते, सुरू केली की उठते. तिला स्प्रिंगा नाहीतच. चार चाकांवर चार लोखंडी गोळे, त्यात वायू, आणि खालून ऑइलचा दाब. खड्डा आत बसलेल्याला कळतसुद्धा नाही. गोळे भरून आणले, पंपही दुरुस्त झाला. फक्त ऑइलची टाकी बोटभर कमी आहे आणि कमलला सोडून मला गाडी ठेवलीय त्या कॉटन ग्रीनच्या गोदामात जाता येत नाही. तुझ्या सुशांतला सांग, बँकेतून सुटला की तेवढं भर. ब्रेकचं तेच ऑइल, दुसरं काही लागत नाही.

त्याला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढव.
तुझा,
आनंदादादा

॥ श्री ॥
माटुंगा, ११ जानेवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं काम झालं! सुशांतने काल ऑइल भरलं. दुकानदाराला दोनदा विचारून चांगल्यातलं ब्रेक ऑइल घेतलंन. गाडी सुरू केल्याबरोबर आधी मागून उठली, मग पुढून. त्याने व्हिडिओ पाठवला तो बघून मला रडूच कोसळलं. हे गेल्यापासून मी तिला उठताना पाहिलंच नव्हतं.

वहिनींना सांग, शेक झाला की तसंच माटुंग्याला यायचं. तिळाच्या वड्या केल्यात. तुझ्या वाट्याच्या कडक आहेत, दात सांभाळ.

वहिनींना नमस्कार. बहिणीवर माया असू दे.
पद्मजा

॥ श्री ॥
घोडपदेव, १९ जानेवारी

चि. पद्मजास आशीर्वाद.

गाडी बसली. शेजारच्या शैलाताईंना कमलपाशी बसवून काल गोदामात गेलो, तर डावं मागचं चाक आत गेलेलं आणि खाली ऑइलचं थारोळं. बोट लावून वास घेतला, तो ब्रेक ऑइलचा.

ब्रेक ऑइल आपण सगळे म्हणतो. गॅरेजवाले म्हणतात, मीही जन्मभर म्हणत आलो. पण त्यात तेलाचा थेंब नसतो. या गाडीला खरं तेल लागतं, हिरवं, आणि तिच्या ब्रेकलाही तेच. त्याचा भरलेला डबा माझ्या पलंगाखाली आहे. सुशांत आधी इथे येईल, तो घेऊन जाईल, असं मी धरूनच चाललो होतो. आता आतलं रबर न रबर फुगलंय. सगळं परत खोलायचं, धुवायचं, आणि नवीन रबरं परदेशातून यायची.

एवढा शिकलेला मुलगा, त्याला एकदा विचारता आलं नाही? त्याला सध्या माझ्यासमोर आणू नकोस. काय करू ते मला सुचत नाही. कमलला अजून सांगितलेलं नाही.

आनंदा

॥ श्री ॥
माटुंगा, २४ जानेवारी

ती. दादास नमस्कार.

तुझं पहिलं पत्र समोर ठेवून लिहितेय. ब्रेकचं तेच ऑइल, हे तुझंच अक्षर आहे. हिरवं म्हणून लिहिलं नाहीस, पलंगाखालच्या डब्याचंही नाही. माझ्या मुलाने तू सांगितलंस तेच केलं.

तो धड जेवत नाही. रबरं त्याने त्याच दिवशी मागवली. रोज बँकेतून सुटला की गोदामात जाऊन नळ्या धुतो. पण दादा, गाडीची वाट बघू नकोस. वहिनींना ॲम्ब्युलन्समधूनच ने. रागावल्या तरी ने, ओरडल्या तरी ने. पाया पडते तुझ्या.

रागाने लिहिलंय, पण माया तीच आहे, हे विसरू नकोस.
पद्मजा

॥ श्री ॥
घोडपदेव, २ मार्च

चि. पद्मजास आशीर्वाद, वि. वि.

तू म्हणालीस तसं मी केलं नाही. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं की कमल भिंतीकडे तोंड करायची आणि माझं धाडस व्हायचं नाही. रबरं येतील, येतील, करत बसलो.

रबरं आली. सुशांतने आणि मी एकमेकांशी न बोलता बसवली. या वेळी हिरवं तेल भरलं, आणि मागल्या आठवड्यात गाडी चाळीच्या दारात आणली. घोडपदेवचा सगळा खोदलेला रस्ता, पण डॅशबोर्डवर ठेवलेला माझा चष्मा हलला नाही. मी सुशांतच्या पाठीवर थाप मारली.

मग शेजारच्या दोघांना धरून चौघे खुर्ची घेऊन वर गेलो. डिसेंबरात याच खुर्चीतून ती जिना उतरली होती. आता पलंगावरून नुसती उचलली आणि ती ओरडली. पद्मजा, ते मलाही ऐकू आलं. तिला परत निजवलं. डॉक्टर घरी येऊन गेले. आता शेक नको, हलवू नका, दुखणं कमी होईल तेवढं बघा म्हणाले. कमल आणि मी रस्त्याचाच विचार करत बसलो. पलंगापासून दारापर्यंतचं अंतर कोणी धरलंच नव्हतं.

ऑइल मी लिहिलं होतं. सुशांतला मी तसं सांगितलं. तो गाडीचं दार पुसत राहिला. तू सांग त्याला, तुझं तो ऐकेल.

गाडी दारातच आहे. रात्रीत बसते. सकाळी खाली जाऊन सुरू करतो. इंजिन मला ऐकू येत नाही, बॉनेटवर हात ठेवला की कळतं. कमलला मात्र वर ऐकू जातं. मी वर आलो की उठली का म्हणून विचारते, मी उठली म्हणतो, आणि तेवढ्यावर तिचा चेहरा जरा बरा दिसतो.

आज सकाळी गाडी उठली. मी वर येऊन तिच्याजवळ किती तरी वेळ उभा होतो. श्वास चालू होता, पण डोळे उघडले नाहीत. तिने विचारलं नाही.

तू निघून ये. लोभ ठेव, माझ्यावर नाही जमला तर तिच्यावर.
दादा