आधी नळीत पाणी

रोडेन, ९ फेब्रुवारी

लाडक्या फेन्ना,

पत्रास कारण असं खास काही नाही. आम्ही दोघं नवरा-बायको बरे आहोत. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तो आता घरचाच झालाय. कालवा अजून गोठायचं नाव घेत नाही, तरी वोब्बेनं स्केट्सना धार लावून ठेवली आहे. तू पाठवलेलं वाटाण्याचं सूप छान झालं होतं. वोब्बेनं त्यात चमचा उभा राहतो का ते बघितलं आणि राहिला म्हणून टाळ्या वाजवल्या. माझ्या सुपात लग्न झाल्यापासून चमचा उभा राहतोय, त्याला कधी टाळी पडली नाही. असो.

भांडं धुऊन ठेवलंय. या वेळी ते वोब्बेबरोबर पाठवत नाही, मीच आणून देईन.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की मला बोलता येत नाही. लहानपणापासून हेच चालत आलंय.

तुझ्या वाढदिवसाला मी डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले, आठवतं ना? डोकं बिलकूल दुखत नव्हतं. आपण सगळे खुर्च्यांचं कडं करून बसलो होतो, रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन करून झालं होतं, सफरचंदाचा केक फिरत होता, आणि माझ्या पाठीमागच्या रेडिएटरनं गुडगुडायला सुरुवात केली. जेवण अंगावर आलेल्या म्हाताऱ्याच्या पोटासारखं. सगळे हसले. तू म्हणालीस, "वोब्बे, तुझा पेशंट बोलतोय बघ." आणि वोब्बे लाजला. अगं, लग्नाच्या दिवशीसुद्धा लाजला नव्हता तो माणूस.

घर गरम ठेवणाऱ्या तुझ्या बॉयलरमध्ये पाणी भरायला तो येतो हे मला माहीत होतं. हार्म गेल्यावर पहिल्यांदा मीच त्याला पाठवलं होतं. माझी बहीण नवऱ्याच्या मागे एकटी, त्यात प्रेशरचा काटा शून्याला टेकलेला आणि घर गार, जा म्हटलं, भरून ये. पण मला वाटत होतं, जात असेल अधूनमधून. त्या गुडगुडीनं मला बाकीचं सांगितलं.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. रेडिएटरमध्ये हवा शिरली की येतो. आणि कोरडी नळी तशीच बॉयलरला जोडली की हवा शिरते. नळीचं एक टोक नळाला लावायचं, दुसरं बादलीत धरायचं, नळ सोडायचा आणि पाणी यायला लागलं की मग बॉयलरला जोडायचं. आधी नळीत पाणी, मग बॉयलर. नाहीतर नळीतली सगळी हवा आत. मग रेडिएटर गुडगुडतात, तू किल्लीनं त्यांच्यातली हवा सोडतेस, हवा गेली की काटा उतरतो, काटा उतरला की तू फोन करतेस, आणि वोब्बे परत कोरडी नळी घेऊन हजर. अख्खा हिवाळा तुमचं हे असं चाललंय.

आता माझ्या डोक्यात काय किडा शिरला ते सांगते. आमच्याकडचे रेडिएटर कधी चकार शब्द काढत नाहीत. म्हणजे त्याला नळी भरता येते. मग तुझ्याकडेच कसा विसरतो? एक तर मुद्दाम, परत यायला मिळावं म्हणून. नाहीतर तुझ्याकडे बघता बघता. यातलं जास्त वाईट कुठलं, ते मी आठवडाभर ठरवत होते. बटाटे सोलताना तुझा तो वाढदिवसाचा निळा स्वेटर डोळ्यांसमोर यायचा आणि सालीबरोबर निम्मा बटाटा जायचा.

हो, मी जळते. लिहूनच टाकलं एकदाचं. सायकलच्या हँडलला हिरवी नळी अडकवून तो शीळ घालत निघतो, तेव्हा शेजारची रूली कुंपणावरून विचारते, फेन्नाचा बॉयलर परत बसला का? मी हसून हो म्हणते आणि तळपायाची आग मस्तकात जाते. येताना ती शीळ आमच्या फाटकापाशीच थांबते.

शेवटी मंगळवारी कॉफी घेताना विचारलं. म्हटलं, घरी आठवतं ते फेन्नाकडे का रे आठवत नाही? मला वाटलं, चिडेल, नाहीतर लाल तरी होईल. तो आपला बिस्किट कपात बुडवत म्हणाला, "घरी तरी मला कुठं आठवतं? तू मागे उभी असतेस ना. आधी नळीत पाणी, वोब्बे. दर वेळी."

मी विचारलं, मग फेन्ना काय म्हणते?

"फेन्ना कॉफी टाकते," तो म्हणाला. "तिथं माझं काही चुकलं तरी मला कळत नाही. बरं वाटतं."

एवढंच. बिस्किट तुटून कपात पडलं, ते त्यानं चमच्यानं काढून खाल्लं.

तुमचं दोघांचं काही असतं ना, तर मी तुझ्या दारात येऊन भांडले असते, रूलीला ऐकू जाईल असं. पण याच्याशी कसं भांडू? माझा नवरा तुझ्या घरी येऊन काय करतो, तर निवांतपणे चुका करतो. आणि फेन्ना, मला त्याचाच हेवा वाटतो. त्या निळ्या स्वेटरपेक्षा जास्त.

काल आमचा काटा जरा उतरला होता. त्यानं नळी काढली. मी ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही. बाहेरच्या खोलीत विणकाम घेऊन बसले. तो बॉयलरपाशी गेला आणि थांबला. जरा वेळानं आवाज आला, "यांतीन, काही म्हणालीस का?" मी म्हटलं, नाही. मग कोरडी नळी तशीच जोडल्याचं मला इथून ऐकू आलं. टाके सुटले माझे, पण मी उठले नाही.

आणि अगं, तो शीळ घालायला लागला. आमच्या घरात.

आत्ता हे लिहितेय तर पायाशी रेडिएटर गुडगुडतोय. वोब्बेला त्याचं काही नाही, तो पेपर वाचतोय. पण मी स्वतःला ओळखून आहे. दोन वेळा गप्प बसेन, तिसऱ्यांदा जीभ वळवळणारच.

म्हणून एक मागते. पुढच्या वेळी तो आला की तू एकदा त्याला टोक. कॉफी टाकण्याआधी. "आधी नळीत पाणी, वोब्बे," असं, माझ्या आवाजात. लहानपणी माझी नक्कल करून सगळ्यांना हसवायचीस ना, तुला जमेल. एकदाच म्हण. म्हणजे आपण दोघी सारख्या होऊ.

उत्तर लिहू नकोस. तुझे रेडिएटर गप्प झाले की मला कळेल.

तुझी ताई, जिचं कधी काही चुकत नाही,
यांतीन