काळजीची वेळ : पाच ते सव्वापाच

३ तारीख, सकाळी ७
आजपासून काळजीची वेळ निश्चित केली आहे : सायंकाळी पाच ते सव्वापाच, बाल्कनीतील खुर्चीत. इतर वेळी नाही. रक्ताचा कॅन्सर हटून तीन वर्षे झाली. डॉक्टर त्यास रेमिशन म्हणतात. मी रजा म्हणतो. रजेवर गेलेला केव्हाही रुजू होऊ शकतो. तिमाही रक्ततपासणी १४ तारखेस आहे. तोवर मानेतील गाठी चाचपायच्या नाहीत.

पत्नीच्या फोटोशी अबोला चालू ठेवायचा. चार महिने झाले. कारण नोंदवून ठेवतो. आधी मी जायचे, असे ठरले होते. केमोच्या काळात मी तिच्यासाठी ‘माझ्या पश्चात’ ही अकरा विभागांची फाइल तयार केली. गिझर, विमा, प्लंबर, सर्व काही. प्रत्येक विभागाखाली ‘वाचले’ म्हणून तिची सही घेतली. आणि एका मंगळवारी, चहा ठेवता ठेवता, हृदय बंद पडून ती स्वतःच निघून गेली. पूर्वसूचना नाही, फाइल नाही. अशी फसवणूक मी ऑफिसातही पाहिलेली नाही.

सायं. ६.४०
काळजी सव्वापाचला आटोपली नाही. पहिला दिवस म्हणून सवलत.

५ तारीख
दाढी करताना हात मानेस लागला. यास चाचपणे म्हणत नाहीत. उजवीकडे वाटाण्याएवढे काहीतरी आहे. दुर्लक्ष केले. सहा वेळा.

८ तारीख
आता सुपारीएवढे. दुखतेही. मुलीचा फोन आला. बाबा, मान चाचपताय ना, असे तिने विचारले. मुळीच नाही, असे सांगितले. मग आवाज गळा दाबल्यासारखा का येतोय, म्हणाली.

१० तारीख
मुलीने परस्पर डॉक्टरांना कळवून तपासणी उद्यावर आणली. या घरात माझ्या बाजूने कोणीच नाही.

११ तारीख
डॉक्टर म्हणाले, काका, दाबून दाबून सुजलीय ती. दिवसातून किती वेळा बघता? क्वचित, असे मी उत्तर दिले. सोबत आलेली मुलगी म्हणाली, व्हिडिओ कॉलवरसुद्धा हात तिथेच असतो यांचा. डॉक्टर हसले. मी हसलो नाही. रक्त दिले. रिपोर्ट उद्या.

१२ तारीख, दुपारी ३
पूर्णतः शांत आहे. तीनदा ताप पाहिला, तोही केवळ थर्मामीटर चालतो का हे तपासण्यासाठी. वॉशिंग मशीन सुरू होईना म्हणून फाइल काढली. विभाग नऊ. सूचना उत्कृष्ट आहेत.

पुढे विभाग अकरा : ‘पुढील आयुष्य’. ‘काळजी करत बसू नये. मुलीकडे जाऊन राहावे. गेलेल्या माणसावर रुसू नये.’ अक्षर माझेच. खाली तिची सही, आणि पेन्सिलीने दोन ओळी : ‘वाचले. पण अहो, मला टाकून गेलात ना, तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी.’

म्हणजे अबोल्याचा नियम तिलाही मान्य होता.

४.५० : मुलीचा फोन. रिपोर्ट उत्तम. ती रडत होती. मी तिला आवाजावर ताबा ठेवण्यास सांगितले. माझाही राहिला नाही.

५.०० : फोटो बाल्कनीत आणला. केवळ माहितीस्तव, रिपोर्ट वाचून दाखवला. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी. प्लेटलेट्स दोनदा वाचल्या. आकडा ऐकून ती नेहमी ‘हुश्श’ म्हणायची.

७.१० : अजून बाल्कनीतच आहे.