निरुपद्रवी गाठ

प्रिय अहो,

सहा ऑगस्ट १९५७, मंगळवार, दुपारचे साडेचार, आठवतं? पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गळ्याच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद पुढे केला आणि तुम्ही तो घडी घालून कोटाच्या खिशात सारलात. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. काल कोट कुणाला तरी द्यायला काढला, तर कागद तिथेच! म्हणून लिहिते आहे.

बाई म्हणाल्या होत्या, "अ‍ॅडिनोमा आहे. साधी गाठ, कॅन्सर नव्हे." तुम्ही 'साधी' एवढंच उचललंत. "मग राहू दे की! तेवढीच हिची बडबड कमी होईल."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला शब्दाचा अर्थ पुरता वाचायला शिकवलं. साधी म्हणजे अंगभर पसरणार नाही, एवढंच. जागच्या जागी वाढणार नाही, श्वासनळीवर रेलणार नाही, असं कोण म्हणालं होतं? तीस वर्षं वर्ग गाजवलेला गळा हा. आता चिंचवड स्टेशनावरून घरी येताना दोनदा टेकावं लागतं. आडवं होता येत नाही, तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपते. आतून कुणी मूठ आवळत आणतंय असं वाटतं.

चिखलीला भावजींकडे गेले. पालक म्हणून आता त्यांची सही लागते ना! म्हणाले, "दादा न्हाई म्हनला व्हता, वैनी. त्याच्या माघारी मी कसं व्हय म्हनू?" तुम्ही गेलात, तुमचा नकार मात्र इथेच राहिला!

आणि कागदावर हे काय? सहीच्या जागी तुमच्या नावाचं पहिलं अक्षर, पुढे नुसता शाईचा डाग. कधी बसला होतात सही करायला? हात का थांबला? मी ऑपरेशनच्या टेबलावरच जाईन म्हणून भ्यालात? मग तसं बोलायचं होतं! मी चिडवलं असतं, पण शेजारी बसलेही असते.

कचेरीत तुम्ही लोकांना सुनावायचात, "तोंडी चालणार नाही, लेखी द्या." मीही तेच म्हणते. येत्या शनिवारी सकाळी आठला मला दवाखान्यात हजर व्हायचं आहे. त्याआधी लेखी उत्तर द्या. न आल्यास तुमची हरकत नाही असं समजेन आणि तुमच्या त्या अक्षराखाली माझं पूर्ण नाव लिहीन. पालक कोण, असं विचारलं तर सांगेन, मीच.

शुद्धीवर आले की पहिलं बोलणं तुम्हालाच ऐकवीन, हे वचन. ते गोड नसेल.

तुमचीच,
सुमती