कप्तानांचं जांभळं कोरल

५ जानेवारी, रविवार. संध्या. ६.४०
मोठी जबाबदारी अंगावर आली. कप्तान स्वतः बादलीत कोरल घेऊन घरी आले. (कप्तान म्हणजे बोटीवरचे निवृत्त इंजिनिअर. कप्तान ते कधीच नव्हते, पण आमच्या मत्स्यालय क्लबात सगळे तसंच म्हणतात.) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन ऑपरेशनं, आणि त्यानंतर महिनाभर टाकीत हात घालायला डॉक्टरांची बंदी. बाकीची कोरल त्यांनी इतर मेंबरांना सांभाळायला दिली. हे सगळ्यांत जुनं. अठरा वर्षांचं, फांद्याफांद्यांचं, जांभळं. त्यांच्या दिवंगत पत्नीने निवडलेलं. ते माझ्याकडे.
माझ्याकडेच का, हे उघड आहे. छापखान्यात बावीस वर्षं रंग तपासतोय. नजर.
कप्तान म्हणाले, काही करू नका, पाणी आटेल तेवढं रोज भरा. सभ्य माणूस. दुसऱ्याला काम सांगणं जिवावर येतं त्यांच्या.
माझ्या नजरेला कोरल सत्तर टक्केच जांभळं वाटतं. संकल्प: परत देताना शंभर टक्के.

६ जानेवारी
छापखान्यातून शेड-कार्ड आणून काचेला चिकटवलं. कोरलचा आजचा नंबर ४१७. ध्येय ४१९. मुलगी म्हणाली, ४१९ हा तिच्या शाम्पूच्या बाटलीचा रंग आहे. दुर्लक्ष केलं. अकरावीत आहे.
माझी स्वतःची तिन्ही कोरल तपकिरी आहेत, पण ती मुळातच शांत स्वभावाची.

८ जानेवारी
टाकीवरचा दिवा साठ टक्क्यांवरून शंभरावर नेला. उजेड म्हणजे रंग, हे छापखान्यातला शिपाईसुद्धा सांगेल.
बायको म्हणाली, हॉलमध्ये बसलं की दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं. सोफा फिरवून घेतला. आता आम्ही टाकीकडे पाठ करून बसतो.

१२ जानेवारी
फांद्यांची टोकं फिकट. नवी वाढ असणार.

१५ जानेवारी
काल कप्तानांचा उजवा डोळा झाला. चौकशीचा फोन करायचा होता, पण मत्स्यालयाच्या दुकानात वेळ गेला. दुकानदाराने ‘रंगवर्धक’ दाखवलं. तीन बाटल्या. मी विचारलं, तुम्ही स्वतः वापरता का? तो म्हणाला, मी विकतो.
बायको फार्मासिस्ट असल्यामुळे डोस हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नाही. तिने लेबल वाचलं. शंभर लिटरला दोन थेंब, आठवड्यातून एकदा. मी चमचा आणला होता तो तिने माझ्या हातातून घेतला आणि धुऊन जागेवर ठेवला. तिच्या ड्यूटीच्या वेळा फ्रीजवर लावलेल्या आहेत. दुसरा चमचा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

२२ जानेवारी
कोरल तपकिरी.
घाबरण्यासारखं काही नाही. छपाईच्या दृष्टीने पाहिलं तर जांभळा आणि तपकिरी यांच्यात फक्त पिवळ्याचा फरक. पिवळा काढला की झालं. पाण्यात पिवळं कुठून येतं? माशांच्या खाण्यातून. संकल्प: खाणं निम्मं. शिवाय पाणी स्वच्छ करणारी पावडर, दुप्पट.

२६ जानेवारी
काच पुसताना नारिंगी मासा अंगठ्याला चावला. त्याला शिक्षा म्हणून खाणं कमी केलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो. ते आधीच ठरलं होतं.

३० जानेवारी
काल दुसराही डोळा झाला. आज कप्तानांचा फोन. म्हणाले, पहिल्या डोळ्याने आता निळा रंग असा दिसतो की कपाळाला हात लावावा. स्वयंपाकघरातल्या ज्या फरशा ते दहा वर्षं पिवळट समजत होते त्या पांढऱ्या निघाल्या. त्यांची पत्नी असताना यावरून भांडणही झालं होतं, ती पांढऱ्याच म्हणायची. मग विचारलं, आमचं कोरल कसं आहे?
मी म्हणालो, प्रक्रियेत आहे.
ते म्हणाले, डोळे नीट झाले की आधी तेच बघायचंय.
फोन ठेवल्यावर शर्ट बदलावा लागला. हॉलमध्ये फारच उकडतं. दिव्यामुळे.

२ फेब्रुवारी
तपकिरी गेला. म्हणजे माझं निदान बरोबर होतं. आता रंग फिका जांभळट, ज्याला आमच्या धंद्यात पेस्टल म्हणतात. मुलगी म्हणाली, बाबा, ते पांढरं आहे. तिला समजावलं की पांढऱ्यात सगळे रंग असतातच. ती म्हणाली, मग कप्तानांना तसंच सांगा.
मुलीचा अभ्यास किती चाललाय ते बघायला हवं.

५ फेब्रुवारी
यश. पांढरे दिवे बंद करून फक्त निळे चालू केले. कोरल जांभळं. शेड-कार्ड काढून बघितलं, तर कार्डही सगळं जांभळं, त्यामुळे नेमका नंबर सांगता येत नाही. बायको जेवायला ये म्हणाली तेव्हा तिचे दातही जांभळे होते. फोटो काढून (कोरलचा) कप्तानांना पाठवला.
रात्री ८. कप्तानांचं उत्तर: फोटो छान आहे, आता साधा दिवा लावून पाठवा.
फोनची बॅटरी संपली असं कळवलं. कशावरून कळवलं, हे त्यांनी विचारलं नाही.

९ फेब्रुवारी
टोकांकडून साल सुटतेय. साल म्हणजे कोरलची कातडी. पाण्यात धागे तरंगताना दिसले. खाली कोरं हाड.
आज शेड-कार्ड काढून टाकलं.
बायको टाकीसमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, त्यांना आजच सांग. उद्या सांगायचं ठरवलं.

१० फेब्रुवारी
कप्तानांचा फोन लागला नाही. मी केला नव्हता.

११ फेब्रुवारी
ऑपरेशन झालेल्या माणसाला धक्का देऊ नये, असं वाचलं. कुठे वाचलं ते आठवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
दुकानात एक कोरल मिळालं. तेवढंच मोठं, फांद्याफांद्यांचं, अगदी ४१७. समोरच्या दगडावर चिकटवलं. जुनं टाकून द्यायला गेलो, पण हात उचलेना. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दगडाआड ठेवलं.
ही फसवणूक नाही. कप्तानांचं मन सांभाळणं आहे. बायकोला तसं सांगितलं. ती काहीच बोलली नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती काहीच बोलली नाही असं तीनदाच झालंय.

२४ फेब्रुवारी
नव्या कोरलला हातही लावलेला नाही. दिवा साठवर. माशांना पूर्ण खाणं. ही माझी नवीन पद्धत. रंग टिकून आहे. क्लबात यावर भाषण देता येईल.

१ मार्च
कप्तान उद्या येणार. सराव केला: ‘घ्या, जसं होतं तसं.’ आरशासमोर चांगलं वाटतं. टाकीसमोर शब्द अडकतात.

२ मार्च, रविवार. दु. १२.३०
कप्तान अकराला आले. काळा चष्मा काढून खिशात ठेवला. बायकोने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. काचेला नाक लावून नवीन कोरल बघत राहिले. मी सराव केलेलं वाक्य म्हणालो.
ते म्हणाले, सुंदर आहे. पण हे आमचं नाही.
विचारलं नव्हतं तरी त्यांनीच सांगितलं. टाकी साफ करताना त्यांच्या पत्नीचा धक्का लागून एक फांदी तुटली होती, आणि त्या जागी दोन फुटल्या. त्या दोन फांद्या इथे नाहीत. मग विचारलं, आमचं गेलं का?
मला वाटलं, आपण काहीतरी समजावून सांगू. प्रकाशाबद्दल, पिवळ्याबद्दल. तोंडातून आलं ते एवढंच, की माझ्या हातून मेलं, आणि मी तुम्हाला फसवणार होतो.
बायकोने बाही वर केली, टाकीत हात घातला आणि दगडाआडून जुनं कोरल काढून बादलीत ठेवलं. कप्तान खाली बसले. सांगाडा फिरवून फिरवून बघितला. पार बुडाशी, जिथे माझा उजेड पोचला नव्हता, तिथे नखाएवढा तपकिरी ठिपका होता. मी म्हणालो, तो डाग आहे. ते म्हणाले, ते जिवंत आहे.
मग हसले. म्हणाले, तिने आणलं तेव्हा हे असंच तपकिरी होतं. दुकानातलं सगळ्यांत कळकट. मी तिला म्हणालो होतो, एवढ्या रंगीत कोरलमधून हेच मिळालं का तुला? जांभळं व्हायला चार वर्षं लागली. आम्ही काही केलं नाही. विसरलो होतो.
चहा झाला. बायकोने त्यांच्या डोळ्यांच्या थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. मी बादली खालपर्यंत नेतो म्हणालो, तर ती मुलीने आधीच उचलली होती.
मी माफी मागितली. कप्तान दारात थांबले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत, मग पुन्हा डोक्याकडे. बराच वेळ.
म्हणाले, काय हो, वय काय तुमचं?
त्रेपन्न, मी म्हणालो.
ते म्हणाले, असं होय. मला आपलं धूसर दिसायचं. मी तुम्हाला तिशीतला समजत होतो. म्हटलं तरुण मुलगा आहे, चुकेल, शिकेल.