दोन शेपट्या की तीन

कामिसावा, १४ एप्रिल १९८६

चि. फुसाए हीस अनेक आ.

सोबत कॅमेऱ्यातले रीळ पाठवतो आहे. तिकडे शहरातच धुऊन घे. इथल्या दुकानदाराला किडा आणि डाग यांतला फरक कळत नाही. बर्फ वितळून ओढा भरला आहे. सातव्यापासून बाराव्या फोटोपर्यंत दगडाखालचा चपटा किडा आहे. अंग पिवळसर, शेपट्या तीन. दहा-बारा दिवसांत त्याला पंख फुटतील, मग यामामे मासे दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाहीत. तशाच नकली माश्या गळावर बांधून धाड. गेल्या वर्षीच्या तुझ्या माश्या पाहून मासे हसले होते.

लोभ आटू देऊ नकोस.
तोकुजीदादा

मोरिओका, २० एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

फोटो आले. अगदी स्पष्ट आहेत. सहाही फोटोंत शेपट्या दोन आहेत. भिंग लावून मोजल्या, मग ह्यांच्याकडून मोजून घेतल्या. हे म्हणाले, तोकुजीदादा चुकला तर उद्या सूर्य पश्चिमेला उगवेल. मला हसू आले नाही.

भांडी घासताना लक्षात आले, की कॅमेऱ्याला एकच डोळा लागतो. तुला दोन्ही डोळ्यांनी दुहेरी दिसते का? दोन शेपट्या जरा सरकून दोनदा दिसल्या तर तीन होतात. तसे असेल तर पाण्यात उतरू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मला भीती वाटते आहे.

उलट टपाली लिही, एवढा लोभ कर.
फुसाए

कामिसावा, २४ एप्रिल

चि. फुसाए हीस अनेक आ.

मोजणी तुझी बरोबर. फेब्रुवारीपासून असे आहे. शेजारच्या ओकितावहिनींना मी दोनदा नमस्कार करतो. त्या खूश आहेत.

एक डोळा मिटला की एकच दिसते, पण मग पाण्याची खोली कळत नाही. म्हणून ओढ्यात दोन्ही उघडे ठेवतो. प्रत्येक दगडाचे दोन होतात. मी पाय उजव्यावर ठेवतो. आजवर उजवाच खरा निघाला आहे.

काल पहिल्या माश्या उडाल्या. चार दिवसांचा खेळ. तो संपला की डॉक्टरकडे येतो. दोन शेपट्यांच्या बांध.

रागावलीस तरी लोभ असू दे.
दादा

मोरिओका, २७ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

डॉक्टरांना विचारले. एक डोळा मिटून एकच दिसत असेल तर दुखणे डोळ्यात नसून डोक्यात असू शकते, म्हणाले. ताबडतोब आणा म्हणाले.

माश्या बांधल्या नाहीत. बांधणारही नाही. माशीशिवाय ओढ्यात जाऊन काय करशील? शुक्रवारी पहिल्या गाडीने न्यायला येते. तोवर अंगणाबाहेर पाऊल टाकू नकोस. बाबांच्या वेळीही तू म्हणाला होतास, चार दिवस थांबू.

लोभाचे नंतर पाहू.
फुसाए

कामिसावा, २९ एप्रिल

चि. फुसाए हीस अनेक आ.

तुझे पत्र दुपारी मिळाले. सकाळी ओढ्यावर जाऊन आलो होतो. माशी नव्हती म्हणून नुसता कॅमेरा घेऊन गेलो.

आज डावा खरा निघाला.

कॅमेरा पाण्यात गेला. गुडघा सुजला आहे. वाहत जाताना वाळुंजाच्या दोन फांद्या दिसल्या. खरी कोणती ते पाहायला वेळ नव्हता, दोन हातांनी दोन्हींना झोंबलो. एक हातात आली.

तेव्हापासून घरात बसून आहे. उठून चुलीपर्यंत जायची भीती वाटते. हे ओकितावहिनींना सांगू नकोस.

शुक्रवारी दारात मला दोघी दिसाल. उंबऱ्यातूनच बोल, म्हणजे खरी कोणती ते कळेल.

तुझा दादा