पंधरा इंची पडदा

१२ ऑक्टोबर २००७
कोल्हापूरहून परत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून अर्धा दिवस बसवून ठेवलं. नजर कडेने बुजत जाणार, अंधारात आधी. इलाज नाही. किती वर्षं, ते सांगता येत नाही म्हणे. घरात आणखी कुणाला आहे का? आईच्या भावाला, म्हटलं. मोठा मामा तिशीच्या आतच भिंत धरून चालायला लागला. मग हे आईकडून आलंय, म्हणाले. इतक्या सहज, जसं नाक कुणावर गेलंय ते सांगावं.
घरी सांगितलं, कॉम्प्युटरचे पार्ट बघायला गेलो होतो. सुचलं ते ठोकून दिलं.

१३ ऑक्टो.
बाबांना वाटतं मी होडीवर जायचं टाळतोय. पहाटे दोरात पाय अडकून पडलो, ते आळसात जमा. वर म्हणाले, "पडद्यासमोर बसान डोळे फुटतले." हसूच आलं.
खरं सांगू? भांडण झालं की आईला आजही ऐकवतात, तुझ्या म्हायाराक शाप आसा. त्यांच्या हातात आणखी एक काठी कशाला द्या.
थाप मारलीच आहे तर मशीन घेतोच. झेरॉक्सच्या दुकानातला साठवलेला पगार आहे. गेम खेळायचे तर आत्ताच. नंतर कसले.

२० ऑक्टो. सावंतवाडी
विनू पार्ट जोडून देतो. शाळेत माझ्या पुढे होता. त्याचं मत, प्रोसेसर बरा घे, ग्राफिक्स कार्ड मागाहून टाक, तोवर मदरबोर्डवरचं चालतं. 'मागाहून' मला चालत नाही. कार्ड आधी, प्रोसेसर साधा. वीजपुरवठ्याचा एसएमपीएस मात्र त्याचं ऐकून चांगला घेतला. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, आणि खाऱ्या हवेत हलका माल टिकत नाही.
मग मॉनिटर. एकोणीस इंचीवर त्याने गाड्यांची शर्यत लावली. खरी मजा ह्याच्यावर, म्हणाला. कोपऱ्यात वेगाचा आकडा असतो. मला रस्ता दिसत होता, आकडा नाही. मान वळवली तेव्हा सापडला. शेजारी पंधरा इंची होता, जुना, जाडजूड. त्यात सगळं एका नजरेत मावलं. हाच दे, म्हटलं.
"चिकट आसस रे," विनू म्हणाला.
असू दे. दुकानाच्या पायरीवर बसून रडावंसं वाटत होतं. एसटी सुटली असती.

२८ ऑक्टो.
मशीन सुरू. आईने हळदकुंकू लावलं. बाबांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. राग असला तरी देवासमोर शब्द चुकत नाही त्यांचा.
गेममधल्या पाण्यावर ऊन पडतं. लोडशेडिंग होईपर्यंत नुसता बघत बसलो. काय सुंदर आहे. आणि हेच जाणार.

१७ नोव्हें.
संध्याकाळी बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, डावीकडसून येता बघ. गेममधला शत्रू मला दिसला नाही, मेलो. पुन्हा तेच. मग माझ्या कानापाशी बाजूने हात धरून हलवला. पाण्यावरून मासळी ओळखणारा माणूस, त्याच्यापासून काय लपणार.
"हात दिसता?"
"कुठला?" मी विचारलं आणि चूक कळली.
हात खाली घेतला. मग म्हणाले, "डोळे खाल्ल्यान तुझे ह्या डब्यान."
मी हो म्हटलं. फार सोपं होतं ते. आई दारात उभी होती.

१८ नोव्हें.
बाबांनी विनूला फोन केला. उद्या येऊन सगळं परत ने, म्हणाले. आवाज चढवला नाही, याचीच भीती वाटली. मला काही बोलले नाहीत. जेवताना माशाचे काटे काढून दिले. लहान होतो तेव्हा द्यायचे.
मग अंगणात जाळं घेऊन बसले. आई खाऱ्या वाऱ्यापायी कॉम्प्युटरवर जुन्या लुगड्याचा तुकडा घालत होती. माझ्याकडे न बघता बोलली.
"माझ्या दादाची पण पयली कडेचीच नजर गेलली. तेच्याकडे खंय होतो डबो?"
ती बाहेर निघाली, बाबांकडे. पदर धरून थांबवली. आज नको, म्हटलं.
थांबली. उद्या विनू यायच्या आत बाबांना सांगणार म्हणते.