ज्यानं टाकलं त्यानं मागावं

बल्लारपूर,
ता. ७ नोव्हेंबर १९३१

ती. सौ. रुखमाबाईस धाकट्या भावाचा, उकंडाचा, शि. सा. न. वि. वि.

बाई, तुह्यं कार्ड भेटलं. गीताच्या बाळंतपणाले तू सासर सोडून धावली, तुह्ये उपकार. पोरगा झाला हे वाचलं, आन् हसू का रडू मले समजलं नाही. तो कसा दिसते ते मातर लिहू नको. आमचा पहिला अकरा दिवस राह्यला. दुसरा चालाले लागला, मले बा म्हणाले लागला, आन् गेला. आता तिसऱ्याचं तोंड मनात धरून मी काय करू?

त्याले उकिरड्यावर टाकून मंग उचलावं का, असं तू पुसलं. मलेही मायनं असंच सुपात घालून उकिरड्यावर ठेवलतं. मामीनं उचललं, पसाभर जवारी घेऊन परत दिलं, तवा जगलो म्हणतात, म्हणून तं नाव उकंडा, म्हणजे उकिरडाच. इथं खाणीत सारे त्या नावावरूनच चिडवतात. पण जगलो तं खरा. जगून काय केलं ते इचारू नको. खामगावची जिनिंग सोडली, भुसावळ सोडलं, इथंही पाय टिकत नाही. पेटीतले त्या बा म्हणणाऱ्या धाकल्याचे वाळे तेवढे जिथं जातो तिथं संगं येतात.

तुमाले वाटन ते करा. मले बलावू नको.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुहा उकंडा


जानेफळ,
ता. १९ नोव्हेंबर

चि. उकंडास रुखमाबाईचे अनेक आशीर्वाद. मी सांगून राह्यली, शेषराव गुरुजी लिहून राह्यले.

इथं एक घोळ झाला, बावा. लेकराले सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. गीता रीतीप्रमाणं पाठ फिरवून उभी. उचलणार मी होती. तितक्यात गाय सुपाकडे आली, मी तिले हाकलाले धावली, आन् शेजारची पिंजाऱ्याची शाहजादी राख टाकाले आली. रडतं लेकरू पाह्यलं, आमाले दोघींले शिव्या घातल्या आन् पदरात घेऊन सरळ आपल्या घरी गेली.

आता रीत म्हणजे रीत, उचलन त्याचं लेकरू. गीता जवारी घेऊन गेली, तं शाहजादी म्हणते का मायनं नाही टाकलं याले. टाकणारा बल्लारपूरले बसला हाये, त्यानंच येऊन मागावं. दूध पाजाले देते, रात्री गीताजवळ निजू देते, पण हक्क सोडत नाही. गीता आधी रडली, मंग लय दिसानं हसली. जवारी फडक्यात बांधून खुंटीले लावली हाये. ते तुह्याच हातची लागते म्हणे.

राग आला तं ये आन् समोर येऊन कर. सुखी राह्य.

रुखमाबाई


बल्लारपूर,
ता. २५ नोव्हेंबर

ती. सौ. बाईस उकंडाचा शि. सा. न. वि. वि.

राग आला. माह्यं लेकरू दाबून ठेवणारी ते कोण? मंग वाटलं, बरंच हाये, तिचं म्हणून राह्यलं तं त्याच्यावर कोणाची नजर नाही जाणार. मंग वाटलं, म्या खरंच टाकलं का त्याले? मी तं भ्यालो होतो, बाई. भेणं आन् टाकणं एकच काय? गुरुजीले इचारून ठेव.

काल वाळे काढून राखेनं घासले. ते शाहजादीच्या हातात ठेवावे का लेकराच्या पायात घालावे, अजून समजून नाही राह्यलं. गेलेल्याचे त्याले चालतात का? आन् मले पाहून ते रडलंच तं?

तो कसा दिसते ते आताही लिहू नको. जवारीले सोंडे लागू देऊ नको. या पत्राचं उत्तरही धाडू नको. ते इथं येईन तवा मी घरी येताना जलंबले गाडी बदलत असन.

तुहा, गीताचा, आन् शाहजादी देईन तं त्याचाही,
उकंडा